एक जूनची पोरं

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. व्हिसा लागत नाही हे खरंच आहे. पण बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं की व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही. पायात चप्पल सरकवायची आणि काठमांडूत उतरायचं. लातुरात सगळ्यात हुशार समजला जाणारा माणूस स्वतःच्या काचेच्या केबिनमध्ये बसून मला हे वाक्य बोलला, आणि त्यापायी माझ्या पोरीचं विमान गेलं.

हा माणूस एका कोचिंग क्लासचा मालक. अख्खं गाव त्याला सर म्हणतं, मीही सरच म्हणतो. तोंडातून आदरार्थी जातं ते सवयीनं; मनात काय जातं ते माझं मला ठाऊक.

मी ट्रॅव्हल्सवाला. मूळचा हदगावकडचा. किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला तेव्हा एक जुनी जीप घेऊन लातुरात आलो, कारण त्या दिवसांत चार चाकं असलेल्या माणसाला तिथं काम होतं. पत्रकार, डॉक्टर, पुढारी, परदेशातून आलेले गोरे लोक, सगळ्यांना पडलेल्या गावांत न्यायचो. माझी खरी शाळा ती. गोरा माणूस भाडं विचारायचा आणि द्यायचा. आपला पुढारी पडक्या घरासमोर डोळे पुसायचा आणि जीपमध्ये बसल्याबसल्या माझ्याशी भाड्यावरून हुज्जत घालायचा. कुणाशी किती ताणायचं, कुठं सोडायचं, हे मी तिथं शिकलो. दहावी मी पास झालेलो नाही. पण सौद्यात मला फसवून गेलेला माणूस दाखवा, मी त्याला चहा पाजतो.

सरांची माझी ओळख त्याच जीपमधली. तेव्हा त्यांचा क्लास पत्र्याच्या एका खोलीत होता, आणि जाहिरात म्हणजे माझ्या जीपवर बांधलेला भोंगा. सर माझ्या शेजारी माईक धरून बसायचे. 'भाऊ, जरा हळू घ्या, लोकांना ऐकू जाऊ द्या,' म्हणायचे. भाऊ म्हणायचे! मी हळू घ्यायचो. औसा, निलंगा, चाकूर, सगळीकडं असा हळूहळू फिरवलाय मी त्यांना. पुढं पत्र्याच्या जागी तीन मजले आले, काच आली, एसी आला. आणि एक दिवस मी भेटायला गेलो तर आतून आवाज आला, "ओ ट्रॅव्हल्स, पाच मिनिटं बसा बाहेर." मी तासभर बसलो. समोरच्या भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो होते. त्यातली निम्मी पोरं माझ्याच भोंग्यावरून तिथवर आली होती.

तर नेपाळ. त्याचं मूळ असं की समोरच्या क्लासनं आपल्या हुशार पोरांना म्हैसूर-उटी फिरवून आणलं आणि तसा मोठा बोर्ड लावला. आमच्या सरांना तो बोर्ड रोज खिडकीतून दिसायचा. मग त्यांना परदेश सुचला. परदेशांत सगळ्यात स्वस्त परदेश नेपाळ. बारावीच्या बॅचमधले पहिले वीस, विमानानं काठमांडू, तिथल्या मोठ्या हॉटेलात सत्कार, मागं हिमालय. जाहिरात आधी छापली, चौकशी नंतर.

माझी पोरगी त्या बॅचला होती. क्लासच्या परीक्षांत सातवी आली. मी तिच्यासाठी कुणापुढं शब्द टाकला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. सरांनी नंतर चारचौघांत तसं सुचवलं म्हणून सांगतोय. स्वतःच्या डोक्यावर सातवी आली ती. यादी लागली त्या दिवशी घरी येऊन तिनं मला एकच विचारलं, "पप्पा, खिडकीपाशी बसायला मिळंल का?" आमच्या घरात विमानात कुणी बसलेलं नव्हतं. दुसऱ्यांची तिकिटं मी काढायचो, आणि विमान वरून जाताना बघायचो. तिच्या आईनं गल्लीत सांगितलं, माहेरी सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. पोरीनं पांढरे बूट घेतले आणि घरातल्या घरात घालून फिरायला लागली.

सहलीचं काम सरांनी मलाच दिलं, कारण बाकीच्या ट्रॅव्हल्सवाल्यांनी जास्त सांगितलं होतं. मी कमी का सांगितलं ते वेगळं बोलायला नको. पण धंदा तो धंदा. पहिल्याच भेटीत मी कागदांचं काढलं.

"सर, पोरांचे पासपोर्ट आहेत का?"

"नेपाळला व्हिसा लागत नाही."

"व्हिसा न्हाई विचारून राहिलो सर. पासपोर्ट."

"अहो, आपल्यासारखाच देश आहे तो. क्लासचं आय-कार्ड आहे ना प्रत्येकाकडं. रंगीत आहे. बारकोड आहे त्याच्यावर."

बारकोड! काठमांडूच्या विमानाला यांचा बारकोड कोण विचारतो! मी शांतपणे समजावलं, आणि मी शांतपणे बोलतो तेव्हा माझ्या घरचे लोक दुसऱ्या खोलीत जातात. विमानानं नेपाळला जायचं तर मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदान कार्ड. दोन्हींपैकी एक. रेशन कार्ड चालत नाही, गाडीचं लायसन्स चालत नाही. पंधराच्या आतल्या लेकराला आणि पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्याला सूट, फोटो आणि वय दिसेल असा कुठलाही कागद चालतो. मधली जी पंधरा ते अठरा, त्यांना शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकानं ठरावीक नमुन्यात द्यायचा ओळखीचा दाखला; त्यावर फोटो, जन्मतारीख, सही, शिक्का.

वीसपैकी नऊ पोरं डॉक्टर-इंजिनिअरांची. त्यांचे पासपोर्ट कपाटात तयार होते. उरलेली अकरा खेड्यापाड्यांतली, भाड्याच्या खोल्यांत राहून शिकणारी, आणि त्यांत आमची एक. ह्यांचे पासपोर्ट काढायचे तर पुण्याला अर्ज, मग ज्याच्या त्याच्या गावी पोलीस चौकशी. भूकंपानंतर गावं उठून दुसरीकडं बसलेली. पोलीस जुन्या गावठाणात जायचा, तिथं बाभळी बघून परत यायचा. पाऊस पडून गेला तरी काम झालं नसतं. म्हणजे दाखला हाच मार्ग.

"मग सोपं आहे," सर म्हणाले. "मी देतो दाखला. मीच मुख्याध्यापक."

"तुम्ही क्लासवाले, सर. मान्यता असलेल्या कॉलेजचा पाहिजे."

कॉलेजचं नाव निघाल्यावर सर का अडले, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या लातुरात पोरं शिकतात क्लासमध्ये. पण परीक्षेला बसायला कुठल्यातरी कॉलेजात नाव लागतं. म्हणून शंभर-शंभर पोरांची नावं एकदम आडगावच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात टाकतात. कॉलेजला पटसंख्या मिळते, क्लासला पोराचा पूर्ण दिवस मिळतो. पोरगं दोन वर्षं ज्या कॉलेजचं विद्यार्थी असतं, ते कॉलेज त्यानं बघितलेलं नसतं. ही व्यवस्था सगळ्यांना माहीत, आणि कुणालाच माहीत नाही.

आमच्या अकरांचं कॉलेज चाकूरच्या पुढं एका फाट्यावर होतं. दाखल्याचे नमुने, फोटो आणि गुणपत्रकांच्या झेरॉक्स घेऊन मी गेलो. चार खोल्या. प्रयोगशाळा अशी पाटी असलेल्या खोलीत सोयाबीनची पोती लावलेली. प्राचार्य बाहेर खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून पेपर वाचत होते. मी फोटो पुढं ठेवले. त्यांनी एकेक उचलून बघितला, लग्नाची स्थळं बघावीत तसा.

"कोण ही पोरं?"

"तुमचे विद्यार्थी, साहेब."

"आमचे? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. हजेरी बघा, रोज हजर हायत."

त्यांना हसू आलं. मग लगेच तोंड गंभीर केलं, कारण माझ्या बोलण्यात काहीतरी कामाचं आहे हे त्यांना कळलं. "परदेशाचा विषय आहे म्हणता," ते म्हणाले. "जबाबदारी माझ्यावर येते. उद्या एखादं पोरगं तिथंच राहिलं तर?"

"तिथं राहून काय करंल? भांडी घासंल?"

"तरी पण. सोबत कॉलेजचा जबाबदार माणूस पाहिजे. मी येतो. मिसेसलाही बरेच दिवस पशुपतिनाथाला जायचं आहे."

बघा. ज्या माणसानं पोरांची तोंडं पहिल्यांदा बघितली, तो त्यांची जबाबदारी घेऊन बायकोसह हिमालयात निघाला. मी म्हटलं, साहेब, या की, फक्त दोघांचं भाडं तुमचं. ते म्हणाले, मग फक्त मी येतो. मी म्हटलं, एकटे या, भाडं मात्र द्यावं लागंल. ते म्हणाले, राहू द्या, उन्हातान्हाचं कुठं जावं. असं होत होत सौदा अकरामुखी रुद्राक्षावर आला. मी ताणला तो सगळ्यात स्वस्त पंचमुखीवर आणून तोडला. एका पंचमुखी रुद्राक्षावर अकरा दाखले. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

प्राचार्यांनी प्रवेश रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर दाखले भरायला लागले. माझी नजर त्यांच्या पेनाबरोबर चालली होती. पहिल्या पोराची जन्मतारीख एक जून. दुसऱ्याची एक जून. तिसरी पोरगी, एक जून. चौथ्याला आमची होती, एक जून. मग मी पुढचं बघितलंच नाही. विमान जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं.

आमच्या भागात हे नवल नाही. माझी तारीख एक जून, बायकोची एक जून. गावचा मास्तर पोराला पहिलीत घेताना जन्मतारीख विचारायचा. आई म्हणायची, मोठ्या पावसात झाला, किंवा थोरलीच्या लग्नाआधी. मास्तर एवढं ऐकायचा आणि एक जून लिहायचा, म्हणजे शाळा सुरू होते त्या दिवशी पोरगं बरोबर सहा वर्षांचं भरतं. दोन हजार रुपये पगार घेणाऱ्या ह्या माणसांना दिवाळी, संक्रांत, श्रावण यांपैकी काही विचारायचा कंटाळा होता. माझी पोरगी भूकंपानंतरच्या थंडीत झाली. मी लोकांना ने-आण करत होतो, बायको माहेरी पत्र्याच्या शेडमध्ये होती, घर राहिलंच नव्हतं. बाहेर शेकोटी, आत बाळंतीण. ही गोष्ट शंभर माणसांना माहीत होती. पण मास्तरनं तिला भूकंपाच्या आधीच, त्याच वर्षीच्या एक जूनला जन्माला घातलं. अकराही पोरांची हीच गत. भूकंपाच्या आगेमागे जन्मलेली, शेडमध्ये वाढलेली, आणि सगळी एका सकाळी एका आईला झाल्यासारखी एक जूनची.

म्हणजे एक जूनला ही सगळी अठरा वर्षांची होणार. दाखला अठरापर्यंतच. त्याच्यापुढं मतदान कार्ड. पण मतदार यादीत नाव लागायला जानेवारीच्या एक तारखेला अठरा पूर्ण पाहिजेत; यांना ते पुढच्या जानेवारीत. मुलांच्या दाखल्याला मोठी झालेली, मोठ्यांच्या कार्डाला लहान. सरकारच्या दोन्ही दारांच्या मधल्या पायरीवर अकरा पोरं. तारीख दुरुस्त करावी म्हटलं, तर दहावीचं प्रमाणपत्र झाल्यावर तिला कुणी हात लावत नाही. तहसीलमध्ये मला एका कारकुनानं विचारलं, "तुमची पोरगी अठराची झाली यात वाईट काय आहे?" मी त्याच्या टेबलावर हात आपटला, त्याचा चहा सांडला, तेवढंच समाधान.

उपाय एकच होता आणि सोपा होता. सहल मे महिन्यात करायची. मी सरांकडं गेलो. पाच मिनिटांचं बसणं पाऊण तास झालं.

"मेमध्ये जमणार नाही," सर म्हणाले. "तेव्हा नवीन प्रवेशाचा सीझन. निकाल लागल्यावर फोटो पेपरला गेला पाहिजे. नुसत्या पोरांचा फोटो कोण छापतं? निकालाची पोरं पाहिजेत."

"सर, निकालाची पोरं हीच अकरा. तुमच्या पहिल्या सातात पाच ह्यांतली."

"मग त्यांचा काहीतरी मार्ग काढा. तुमचंच काम आहे ते."

"मार्ग तारीख बदलण्याचा हाय."

सरांनी टेबलावरचा काचेचा गोळा फिरवला. "हे बघा. नाहीच जमलं तर यादी खाली सरकवू. पुढच्या नंबरांत पासपोर्टवाले पुष्कळ आहेत. अकरांना इथं छान घड्याळं देऊ. तुमच्या मुलीला जरा मोठं देऊ, हवं तर."

घड्याळ! मी उभा राहिलो. मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाहेर बसलेले पालक उठून उभे राहिले एवढं मला आठवतं. मी शेवटी म्हटलं, "ह्या अकरांना मी जमिनीवरून नेतो. रेल्वेनं, बसनं. गोरखपूरपुढच्या सुनौलीला पायी हद्द ओलांडता येते, तिथं विमानाचा जाच नसतो. पण काठमांडूच्या सत्काराला ती पोरं उभी राहतील. त्यांच्याशिवाय सत्कार करायचा न्हाई."

"तुमच्या जबाबदारीवर," सर म्हणाले.

"भोंगा बांधला होता तेव्हापासून माझ्याच जबाबदारीवर चाललंय," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

घरी सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पोरगी ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे त्या नऊजणांना विमान, आम्हाला रेल्वे?" मी म्हटलं, हाव. "माझा नंबर सातवा हाय पप्पा. त्यातल्या एकाचा अठरावा हाय." ती आत गेली. बूट मात्र तिनं बॅगेत भरले.

मी तयारी अशी केली की लष्करानं करावी. अकरा पोरांच्या अकरा प्लास्टिक फायली. प्रत्येकीत दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, बापाच्या मतदान कार्डाची झेरॉक्स, बापाचं संमतिपत्र, दोन फोटो. नेपाळात आपल्या पाचशे-हजारच्या नोटा चालत नाहीत, म्हणून सगळे पैसे शंभराच्या नोटांत. चार पोरी होत्या म्हणून बायको सोबत. मतदान कार्ड तिच्याकडं होतं, माझ्याकडंही होतं, आणि दोन्हींवर एक जून. नांदेडहून रेल्वे, मध्ये गाडी बदल, गोरखपूर, तिथून बस. पोरं पहिल्या दिवशी रुसलेली, दुसऱ्या दिवशी पत्ते खेळायला लागलेली. देगलूरकडचा एक पोरगा तेलुगू गाणी म्हणायचा आणि आमच्या हिला 'अत्ता', म्हणजे तेलुगूत आत्या म्हणायचा. तो नंतर मला पोरांत सगळ्यात शहाणा वाटला, कारण त्यानं एकदाही विमानाचं नाव काढलं नाही.

सुनौलीला कमान आहे. अलीकडं भारत, पलीकडं नेपाळ, आणि मधून रिक्षा, ट्रक, सायकली, बायका, शेळ्या, सगळं वाहतंय. मी पोरांना रांगेत उभं केलं, फायली हातात दिल्या, स्वतः पुढं झालो. कमानीपाशी एक शिपाई तंबाखू मळत उभा होता.

"साहब, कागज़ देख लीजिए. ग्यारह बच्चे हैं."

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. "चलो, चलो."

"देखो तो सही. सब तयार है. दाखला है, पहचान है."

"अरे चाचा, इंडिया के हो ना? जाओ."

"कैसे पता तुमको इंडिया के हैं? देखे क्या तुमने?" माझा आवाज चढला. दोन महिने मी त्या कागदांसाठी रक्त आटवलं होतं. चाकूरच्या त्या माणसाशी घासाघीस केली होती, तहसीलात टेबलावर हात आपटला होता, पोरीचं विमान घालवलं होतं. आणि हा तंबाखू मळतोय! "हम को ऐसे ही छोड़ देते क्या? हम कोई चोर-उचक्के भी हो सकते हैं. देखो! एक तो देखो!" मी त्याच्या छातीला फाईल लावली.

शिपाई हसत हसत मागं सरकत राहिला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पलीकडचा नेपाळी पोलीस येऊन उभा राहिला, तोही हसायला लागला. तेवढ्यात कुणीतरी माझ्या शर्टाची बाही ओढली. पोरगी होती.

"पप्पा, चला ना."

"थांब. ह्यानं बघितल्याशिवाय मी आत जाणार न्हाई."

"अहो पप्पा, आपण आलोत की आत."

मी मागं बघितलं. बोलता बोलता, त्याच्या मागं मागं सरकत मी कमानीच्या पलीकडं पोचलो होतो. पोरंही माझ्या मागं. दहा-बारा पावलं आत उभा राहून मी नेपाळात यायला परवानगी मागत होतो. पोरं हसून हसून खाली बसली. आमची ही पदर तोंडाला लावून हसत होती. पोरगीही हसली. यादी सरकवायची भाषा झाली, त्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

पण सर आडवे येण्याआधी तिथलं राजकारण आडवं आलं. पलीकडं कळलं की कुणीतरी बंद पुकारलाय, काठमांडूची गाडी नाही. एक दिवस थांबलो, दुसरा थांबलो. बसवाले, जीपवाले, सगळ्यांशी बोललो. मी त्याच धंद्यातला, मला त्यांच्या डोळ्यांत कळतं. खरंच गाडी नव्हती. नऊजणांना घेऊन सर विमानानं काठमांडूत पोचले होते, तिकडून त्यांचा फोन. "किती वाजता पोचताय? हॉल बुक आहे." मी सांगितलं, रस्ता बंद आहे, दोन दिवस थांबा, नऊजणांना थांबवा, मग सगळ्यांचा मिळून करू. सर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, हे मला सतरा-अठरा वर्षं माहीत आहे. त्या संध्याकाळी सत्कार झाला. नऊ पोरांना हार, मागं हॉटेलची भिंत. जूनचे ढग, डोंगर कुठंच नव्हता.

आम्ही लुंबिनी बघितली. सायकलरिक्षात बसून गेलो, बंदात तेवढंच चालू होतं. उन्हानं पोरं काळी झाली, पिंपळाखाली बसून त्यांनी चिवडा खाल्ला, पोरीनं पांढरे बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी दगडांवरून फिरली. मग आलो तसे परत आलो. परतताना कमानीपाशी मी फायली पिशवीतून काढल्या नाहीत. रुद्राक्ष काठमांडूशिवाय चांगला मिळत नाही म्हणतात. लुंबिनीत मिळाला तो घेतला, पंचमुखी सांगून दिला, प्राचार्यांनी भक्तिभावानं ठेवून घेतला. असल्या माणसाला तेवढा पुष्कळ.

पंधरा दिवसांनी मुख्य चौकात बोर्ड लागला. तीन मजली. वीस पोरं रांगेत, मागं बर्फाचा डोंगर, वर 'आमचे गुणवंत हिमालयाच्या कुशीत'. दुसऱ्या रांगेत आमची पोरगी. लाल जॅकेट घालून. तिच्याकडं लाल जॅकेट कधीच नव्हतं. मुंडकं तिचं, आय-कार्डवरच्या फोटोतलं, मानेपासून सरळ कापलेलं. खाली कुणाचंतरी धड. आमची अकराही तशीच चिकटवलेली. देगलूरच्या पोराला तर टायसुद्धा लावला होता.

बायकोच्या माहेरची माणसं बोर्ड बघून गेली होती, तिला आनंद झाला होता. मी सरळ केबिनमध्ये गेलो. त्या दिवशी बसलो नाही.

"माझ्या पोरीचं तोंड काढा."

"अहो, काय झालं? एवढी जाहिरात फुकट मिळते का कुणाला? लोक पैसे देतात त्यासाठी."

"ती तिथं नव्हती. तुम्ही नेलं न्हाई."

"जाहिरात आहे. मनावर काय घेता." मग त्यांचा आवाज उतरला. मी उतरलेला आवाज ओळखतो, पुढं भाव येणार असतो. "तुमचा धाकटा आठवीत आहे ना? अकरावीला त्याची निम्मी फी सोडतो. दोन्ही वर्षं."

मी आयुष्यभर भाव केलाय. समोरच्यानं निम्मी म्हटलं की मला आपोआप पूर्ण म्हणायची सवय आहे. तोंडापर्यंत आलंही होतं. सर वाट बघत होते, तयार होते, पाऊणपर्यंत नक्की आले असते.

"तोंड काढा," मी म्हटलं आणि बाहेर आलो. खाली येऊन मला स्वतःचाच राग आला, की फुकटात सोडून आलो. तो राग अजून आहे.

दोन दिवसांनी पोरीला स्कूटरवर घेऊन चौकातून चाललो होतो. तिनं खांद्यावर थाप मारून थांबवलं. बोर्ड तसाच होता. डोंगर तोच, लाल जॅकेट तेच, दुसऱ्या रांगेतली जागा तीच. आमच्या पोरीच्या मुंडक्याच्या जागी दुसऱ्याच एका पोरीचं मुंडकं बसवलं होतं. ती क्लासला होती की नव्हती, हेही आमच्या पोरीला आठवेना.

ती खाली उतरली आणि मान वर करून बोर्ड बघितला.

"जॅकेट हिलाच बरं दिसतंय," ती म्हणाली, आणि मागं बसली.